विचारायचं राहून गेलं, त्याचं काय?

‘आई गेली आणि तिच्या माहेरची सगळी नावं तिच्याबरोबर गेली.’ करोनानंतर समुपदेशनाला आलेल्या अनेकांनी हे या ना त्या शब्दांत सांगितलं. हीच खंत टोकाला गेलेली दिसली ती गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गृहस्थांत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय साठीच्या घरात, काम कुलवृत्तांताचं, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जुळवण्याचं.

एरवी त्यांचा आठवडा पणजीच्या पुराभिलेख खात्यातले मोडी आणि पोर्तुगीज कागद, तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातले दाखले, देवळातली महाजनांची (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची) यादी आणि दुपारी कुणा आजीची पडवी यांत जायचा. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, उरला फोन. पहिलं वर्ष जुनी टिपणं नीट करण्यात बरं गेलं. मे २०२१ मध्ये मात्र रोज कुणी ना कुणी जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी ऐंशीच्या पुढच्या ६४ माणसांची यादी केली आणि दिवसाला अठरा-वीस फोन सुरू केले. पहाटे तीनला जाग यायची. पेपर आला की आधी निधनवार्ता, मग वंशावळीच्या तक्त्यावर त्या नावामागे ‘कै.’. एका सकाळी चुलत वहिनीच्या नावामागे त्यांनी ‘कै.’ लिहिलं, शाई वाळू दिली आणि पुढच्या चौकटीकडे वळले. वहिनींचं माहेर कधी विचारलंच नव्हतं, ती चौकट रिकामीच होती. रात्री ते बायकोला म्हणाले, “मला रडूच आलं नाही. मी दगड झालोय का?”

दगड नव्हे. एकावर एक धक्के बसले की मन काही काळ बधिर होतं. रडू उशिरा येतं, कधी भलत्याच निमित्ताने येतं. त्यासाठी स्वतःवर जबरदस्ती करायची नसते.

उशीर होतोय ही भीती मात्र खरी होती, त्यामुळे ‘काळजी करू नका’ म्हणून भागणार नव्हतं. त्यांना फोनची वही घेऊन बसायला सांगितलं. अकरा फोनांच्या नोंदींपैकी चार पुन्हा विचाराव्या लागणार होत्या. कारणं त्यांनीच सांगितली. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे घाईत ऐकणारा दोन माणसांची एक करतो आणि मधली पिढी गळते. लग्नात बाईचं नाव बदलतं. माहेरचं नाव शेवटी विचारलं, तर तोवर म्हातारं माणूस दमलेलं असतं. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज नोंदींत शेणवीचा ‘सिनाय’ होतो, प्रभूचा ‘पोरोब’. आडनावाचं जुनं रूप विचारलं नाही, तर पुढे कागद सापडत नाही. घाईने काही वाचत नव्हतं, उलट बिघडत होतं. हे स्वतःच्या अक्षरात दिसल्यावर ते जरा सैल झाले.

मग दिवस आखला. फोन दोनच, दुपारी चार ते साडेपाच, प्रत्येकी फार तर चाळीस मिनिटं. सुरुवात मेलेल्यांच्या नावांपासून नाही, घरापासून: तुळस कुठे होती, विहीर कुणाची, श्रावणात कोण यायचं. आजी त्या अंगणात पोचली की नावं आपोआप येतात. माहेर पहिल्या दहा मिनिटांत विचारायचं. ज्या घरात कुणी गेलंय तिथे तेरावा होईपर्यंत फक्त विचारपूस, तक्त्याचा विषय नाही. निधनवार्तांचं पान न्याहारीनंतर. ‘कै.’ आधी पेन्सिलीने, शाई महिन्याने. तक्ता झोपायच्या खोलीबाहेर. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून बाहेर बसायचं, पण वहीला हात लावायचा नाही. कोण राहिलंय याची काळजी करायला संध्याकाळी सहाची वीस मिनिटं, कागदावर.

मधेच तौक्ते वादळात वीज गेली, फोन मेला आणि दुसऱ्या दुपारी त्यांना दोन तास गाढ झोप लागली. एवढ्यावरून फोनच काढून घ्यावा, असं घरच्यांना वाटलं. ते बरोबर झालं नसतं. कामच तर त्यांना धरून होतं. तिसऱ्या आठवड्यात यादीतलं पुढचंच नाव गेलं आणि त्या दिवशी पुन्हा चौदा फोन झाले. असं होतंच, दुसऱ्या दिवशी परत दोनावर यायचं. झोप-भूक दोन आठवडे उडालेलीच राहिली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवं. हे त्यांच्या बायकोलाही सांगून ठेवलं होतं.

आता गेलेल्यांचं काय? एक माणूस गेलं म्हणून सगळ्या वाटा बंद होत नाहीत. माहेरचे पुरोहित, जुन्या लग्नपत्रिका, वाटणीचे दस्त, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. पोर्तुगीजांच्या काळात देव मूळ गावांतून हलवले गेले, म्हणून कुलदैवतही बोलतं: मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. त्यावरून निदान कुठल्या गावात शोधायचं ते ठरतं.

वहिनींची चौकट रिकामीच आहे. तीत पेन्सिलीने लिहिलंय: ‘माहेर – भाच्याला विचारणे, चतुर्थीनंतर.’