पबजीत एकाच वेळी १०० जण खेळतात, मग त्याला एमएमओ (मॅसिव्हली मल्टिप्लेअर ऑनलाइन, म्हणजे एकाच वेळी असंख्य जणांनी खेळायचा गेम) का म्हणत नाहीत?

कारण पबजी खेळताना लाईट गेली तर एक मॅच जाते. माझी दोन महिन्यांची कमाई गेली होती.

२००७ चा उन्हाळा, सांगली, भारनियमन, आणि इन्व्हर्टर नसलेला सायबर कॅफे. गेम रूनस्केप. पोर्ट सरीमहून ३० नाणी देऊन होडीने करामजा बेटावर जायचं आणि धक्क्यावर लॉब्स्टर पकडत बसायचं. पिशवीला २८ खण. एकात सापळा, एकात परतीचं भाडं, उरलेल्या २६ त लॉब्स्टर. ते विकून विकून अंगावर रून धातूचं चिलखत-तलवार असं सामान चढवलं आणि मस्ती आली म्हणून थेट वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या भागात शिरलो. एकावर मीच आधी वार केला, म्हणजे डोक्यावर कवटी. कवटी असताना मेलं की एकही वस्तू हाती राहत नाही. तेवढ्यात लाईट गेली. लढाईत सापडलेलं पात्र कनेक्शन तुटलं तरी लगेच बाहेर पडत नाही. दोन तासांनी लॉगिन केलं तर मी लम्ब्रिजला, म्हणजे मेलेले जिथे परत उठतात तिथे, उघडाबंब.

हाच फरक. एमएमओचं जग आपण नसतानाही चालू राहतं. मी अंधारात घाम पुसत बसलो होतो तेव्हा तिकडे माझं सामान दुसऱ्याच्या अंगावर होतं. पबजीत सगळे विमानातून रिकाम्या हाताने उतरतात, अर्ध्या तासात बेटाची पाटी कोरी.

मावसभावाचं पालुपद एकच, "१०० म्हणजे मॅसिव्हच की!" अरे दादा, वडाप शिटा भरल्या की निघते, एसटी तू आलास न आलास तरी सुटते. वडापमध्ये कितीही माणसं कोंबली तरी तिची एसटी होत नाही. इव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या एमएमओत जानेवारी २०१४ ला एका सूर्यमालेच्या ताब्याचा हप्ता भरायचा राहिला, त्यावरून साधारण २१ तास लढाई चालली. ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं, गेली ती गेलीच.

आकडा अगदीच गौण नाही म्हणा, रूनस्केपच्या एका वर्ल्डमध्ये, म्हणजे एका सर्व्हरवर, तेव्हा २००० जण मावायचे. आणि ट्रॅव्हियन या गावं वसवायच्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर कोणीतरी जिंकलं की संपतो, तरी मी त्याला एमएमओच धरतो. आपण झोपेत असताना गाव लुटलं जातं, तेवढं मला पुरे.

त्या दिवशी हाच दादा हसला होता, "खोट्या तलवारीसाठी रडतोस?" सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा विकत घेतलेल्या स्किन्ससाठी (पात्राचे नि बंदुकांचे नुसते दिखाऊ पोशाख-रंग) दोन दिवस नीट जेवला नव्हता. मावशीला विचारा.