‘आज बोललो’

नाशिकच्या एका ताईंचे पत्र आहे. आईवडिलांच्या माघारी त्यांनी वाढवलेला धाकटा भाऊ अडतीस वर्षांचा, इंजिनिअर आहे. दारूपायी त्याच्या दोन नोकऱ्या गेल्या. व्यसनमुक्ती केंद्रातून मार्चमध्ये तो घरी आला, तेव्हापासून पाच महिन्यांत ताईंनी त्याच्यासाठी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचे तीन गट शोधले आणि तिन्ही सोडवले. पहिला महापालिकेच्या शाळेत भरणारा, पण ‘तिथे बहुतेक रिक्षावाले आणि हमाल’. दुसऱ्यात कॉलनीतले एक गृहस्थ दिसले. तिसऱ्यात ताईंना आत बसू दिले नाही. ऑगस्टमध्ये भाऊ एकदा पिऊन आला. आता ‘सुशिक्षितांचा एखादा चांगला गट’ त्यांना हवा आहे.

प्रिय ताई,

तुमच्या चार पानी पत्रात भावाच्या तोंडचे दोनच शब्द आहेत आणि तेही तुम्ही कंसात टाकले आहेत. शाळेतल्या त्या गटातून स्कूटरवर परत येताना तो ‘आज बोललो’ एवढेच म्हणाला, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही तिथल्या मोडक्या बाकांवर आलात. ज्याने, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, दहा वर्षांत मनातले अक्षरही बाहेर काढले नाही, तो माणूस पहिल्याच संध्याकाळी अनोळखी लोकांसमोर बोलला, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याला तिथून उचललेत. तुमच्या कष्टांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण आज ते मी लिहिणार नाही, कारण मला तुमचा राग आला आहे.

ज्या संघटनेचा ‘चांगला’ गट तुम्ही शोधत आहात, तिची सुरुवातच अशा बोलण्यातून झाली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला बिल विल्सन अमेरिकेतल्याच ॲक्रन या गावी एका व्यवहारासाठी गेला होता. व्यवहार फसला, हॉटेलातला बार समोर होता, आणि त्याला दारू सोडून (तुमच्या भावासारखेच) जेमतेम पाच महिने झाले होते. त्याने गावातल्या चर्चना फोन लावले ते वैद्य शोधण्यासाठी नव्हे, तर ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा दारुडा शोधण्यासाठी. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद भेटला. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही असे बजावून आलेला हा डॉक्टर सहा तासांहून अधिक बसला. पुढे तोही एकदा घसरला, ज्याला गटात ‘स्लिप’ म्हणतात, आणि त्याने शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस संघटना आपला जन्मदिवस मानते. त्यामुळे ऑगस्टमधल्या त्या रात्रीने सारे संपले असे समजू नका. (तो पुन्हा रोज पिऊ लागलाच, तर मात्र घरच्या घरी एकाएकी बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टरांकडे न्या.)

या गटांत येण्यासाठी एकच अट असते, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, हजेरीपट नाही, आडनावही विचारत नाहीत. आलेले लोकच आपापसांत वर्गणी काढून चहा आणि भाडे भागवतात. भावाची पातळी तिथे पदवीवरून ठरत नाही. पहाटे हात थरथरत असताना दुकान उघडण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या रिक्षावाल्याला ठाऊक आहे आणि तुम्हाला ठाऊक नाही, एवढाच तिथला हिशोब आहे. राहिले कॉलनीतले गृहस्थ. ते काही तिथे रेशन घ्यायला आले नव्हते. आणि तिसऱ्या गटाने तुमचा अपमान केला नाही. खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येते, बंद सभेला फक्त दारूचा त्रास असलेल्यांनाच.

या बिलची पत्नी लोईस वर्षानुवर्षे नवऱ्याला सांभाळत राहिली होती. तो पिणे थांबवून रोज सभांना जाऊ लागला तेव्हा एके दिवशी तिने संतापून त्याच्यावर बूट फेकून मारला. आपल्याला जे जमले नाही ते परक्या माणसांनी करून दाखवले, याचा तो राग होता, हे तिने पुढे स्वतःच कबूल केले. तिच्याच पुढाकाराने १९५१ मध्ये व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन उभी राहिली. ‘आज बोललो’ हे ऐकून तुम्हाला बरे वाटायला हवे होते. तुम्हाला मोडके बाक दिसले. तो आपल्याशी का बोलला नाही, ही ठसठस मी तुमच्या अक्षरात वाचली, आणि राग आला होता तो तिथे थोडा निवळला.

चौथा गट मी सुचवणार नाही. भावाला एवढेच सांगा: ‘त्या शाळेतून तुला काढले, ही माझी चूक झाली. तुला जायचे असेल तर जा.’ आणि स्कूटरची किल्ली त्याच्या हातात द्या. सोडायला जाऊ नका, आणायला जाऊ नका, कोपऱ्यावर उभ्या राहू नका. कदाचित पहिल्या गुरुवारी तो जाणार नाही. तरी गप्प राहा. गेला आणि परतला, तर ‘काय बोललास?’ असे विचारू नका, पान वाढा.