क्लच जड लागतोय? स्प्रिंग बदलण्याआधी केबल इंजिनापासून सोडवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३५० सीसीची सात वर्षं जुनी मोटरसायकल, रोज हडपसर ते हिंजवडी, क्लच इतका कडक की वाकड येईपर्यंत डावा हात भरून येतो. गॅरेजवाले म्हणतात, "ही गाडी अशीच असते, सवय होईल." नरम स्प्रिंग टाकून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय रात्री बोटांना मुंग्या येतात, असंही शेवटी लिहिलंय.

स्प्रिंगला इतक्यात हात लावू नका. गॅरेजवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोठ्या इंजिनाचा जोर क्लचमधल्या एकमेकींवर दाबलेल्या प्लेटांमधून घसरू नये म्हणून स्प्रिंगही तशाच कडक लागतात, त्यामुळे १०० सीसीच्या गाडीसारखा मऊ क्लच तुम्हाला मिळणार नाही. पण हीच गाडी नवी असताना तुमचा हात दुखत नव्हता ना? स्प्रिंग जुनी होऊन नरम पडते, कडक होत नाही. मग सात वर्षांत जे वाढलं ते घर्षण, आणि ते लिव्हर, केबल किंवा इंजिनाकडचा आर्म (केबल ज्याला ओढते तो छोटा दांडा) या तिघांपैकी कुठेतरी बसलंय. ते नेमकं कुठे आहे हे घरी अर्ध्या तासात कळतं.

इंजिन थंड असताना लिव्हरजवळचा रबरी बूट मागे सारा. ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू) पूर्ण आत फिरवा. ॲडजस्टर, त्याचा लॉकनट आणि लिव्हरचं ब्रॅकेट या तिन्हींच्या खाचा एका रेषेत आणल्या की केबल बाहेर येते आणि तिचं निपल (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा) लिव्हरमधून सुटतं. खाली इंजिनाकडचं टोकही आर्ममधून काढा. आता तिन्ही भाग वेगळे झाले, प्रत्येकाला स्वतंत्र हलवून बघा.

रिकामी लिव्हर एका बोटाने ढकलली तर सहज फिरली पाहिजे. अडखळत असेल तर पिव्हटचा, म्हणजे लिव्हर ज्याभोवती फिरते तो, बोल्ट काढा. त्यावर बहुतेक वेळा काळी, वाळलेली, धुळीने दगड झालेली ग्रीस सापडते. पुसून, डिझेलने धुऊन, नवी ग्रीस अगदी पातळ लावा. बोल्ट आवळून लिव्हर जाम करू नका. तो बेताने बसवायचा आणि खालच्या नटाने लॉक करायचा. निपल बसतं त्या भोकातही ग्रीसचं बोट फिरवा. लिव्हर दाबताना निपल तिथे थोडं फिरावं लागतं. ते अडकलं की तार दर वेळी त्याच जागी वाकते आणि तिथूनच एकेक धागा तुटू लागतो.

मग केबल. आतली तार दोन्ही टोकांनी धरून मागेपुढे करा. चांगल्या केबलमध्ये ती जवळजवळ स्वतःच्या वजनाने घसरते. खरखर लागली, एखाद्या जागी अडली किंवा टोकाशी तुटलेला एक जरी धागा दिसला, तर दुरुस्तीच्या नादी न लागता नवी केबल आणा. काही शे रुपयांचं काम आहे. अशा तक्रारीत दहापैकी सात-आठ वेळा दोषी केबलच निघते, असा माझा अनुभव आहे.

केबल धडधाकट पण कोरडी असेल तर तेल द्या. मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवतो, तिचा कोपरा बारीक कापून केबलच्या वरच्या टोकाला टेपने घट्ट बांधतो आणि त्यात शिलाई मशीनचं तेल ओततो. केबल खिडकीच्या गजाला रात्रभर उभी टांगायची, खाली जुना कपडा. सकाळपर्यंत खालच्या टोकातून आधी तांबडं गंजाचं पाणी आणि मग स्वच्छ तेल ठिबकलेलं दिसतं. ग्रीस मात्र केबलमध्ये कधीही घालू नका, ती धूळ धरते आणि थंडीत घट्ट होते. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या नव्या केबलला तेलाची गरज नसते. तिच्याबरोबरच्या कागदावर सांगितलं असेल तरच द्या.

केबल कुठून कशी नेली आहे याकडे फार कमी लोक बघतात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. खुंट्याला दोन वेढे दिलेला कासरा एक माणूस धरतो आणि दांडगा बैल जागचा हलत नाही. केबलच्या प्रत्येक वळणावर हेच घडतं, फक्त इथे ते आपल्या विरुद्ध जातं. वरपासून खालपर्यंतची सगळी वळणं मिळून १८० अंश भरली आणि घर्षणांक (घर्षण किती, याचा आकडा) ०.१ धरला, तर खाली लागणाऱ्या ओढीच्या सुमारे १.३७ पट ओढ वर द्यावी लागते. तीच केबल गंजून घर्षणांक ०.२ झाला, तर ती सुमारे १.८७ पट होते. स्प्रिंग तीच, प्लेटा त्याच, पण हाताला जवळजवळ दुप्पट ओझं. वळणं निम्म्यावर आणली तर कोरड्या केबलचाही त्रास बराच उतरतो.

माझ्या आधीच्या गाडीचा क्लच एका सर्व्हिसिंगनंतर अचानक जड झाला होता. गॅरेजने इंजिन उघडून प्लेटांचा संच आणि स्प्रिंग बदलल्या, पैसे घेतले, फरक शून्य. दोन महिने मी तशीच चालवली. नंतर बॅटरीच्या वायरिंगसाठी मी स्वतः टाकी उचलली तेव्हा दिसलं की टाकीच्या पुढच्या रबराखाली केबल दाबली गेली होती आणि तिचा आऊटर (बाहेरचं कवच) चपटा झाला होता. टाकी बसवताना कोणीतरी ती चुकीच्या बाजूने घेतली होती. नवी केबल मोकळ्या वळणाने टाकली आणि त्याच संध्याकाळी क्लच दोन बोटांनी दाबता आला. म्हणून सांगतो, टाकी उचलून बघाच. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवताना केबल ताणते का, टायने वायरिंगशी करकचून बांधली आहे का, सायलेन्सरला टेकून आऊटर वितळलाय का, हे तपासा. हँडल बदलून उंच बसवलं असेल तर तितकी लांब केबल लागते, जुनी ओढून बसवलेली चालत नाही.

तिसरा भाग इंजिनावरचा आर्म. केबल सोडल्यावर तो हाताने हलवा. थोडी मोकळी चाल आणि मग स्प्रिंगचा ठाम विरोध, असं जाणवलं पाहिजे. मोकळ्या चालीतही करकर लागली तर त्याची दांडी गंजली आहे किंवा सील वाळलंय. ती काढून साफ करून बसवावी लागते, हे मेकॅनिकचं काम. आणखी एक बघा: लिव्हर अर्धी दाबलेली असताना केबल आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन हवा. इंजिन उघडलं गेलं असेल तर आर्म दात्यांवर एक घर पुढे-मागे बसलेला असू शकतो, आणि मग जोर फुकट जातो.

हे तिन्ही ठीक निघाले आणि तरी क्लच दाबताना टप्प्याटप्प्याने अडतो असं वाटलं, तरच इंजिन उघडायला सांगा. तिथे क्लच बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीच्या) बोटांवर प्लेटांनी खाचा पाडलेल्या असतात आणि प्लेटा त्यात अडकतात. कोणी आधी जास्त कडक स्प्रिंग टाकल्या असतील तर तेही तेव्हाच कळेल. कंपनीच्या मूळ मापाच्या स्प्रिंग पूर्ण संचाने घाला. मुद्दाम नरम घातल्या तर सिंहगड घाटात डबलसीट चढताना क्लच स्लिप मारेल: आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही, आणि प्लेटा जळतात.

बाजारातल्या आखूड फॅन्सी लिव्हर तुम्ही लावल्या असतील तर त्या आजच काढा. बोटं पिव्हटपासून १०० मिमीवर आणि केबल २५ मिमीवर असेल तर चौपट फायदा मिळतो. आखूड लिव्हरवर बोटं ७० मिमीवर आली की तो २.८ पट उरतो, म्हणजे तेवढ्याच कामाला साधारण ४३ टक्के जास्त जोर. साध्या लिव्हरवरही बोटं टोकाकडे ठेवा. इंजिनाकडचा आर्म लांब करणारे ‘इझी क्लच’चे तुकडे मिळतात. त्यांनी हात हलका होतो, पण तितकीच चाल कमी होते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. मी तो लावणार नाही.

सगळं परत जोडताना लिव्हरच्या टोकाला मोकळी चाल ठेवा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ती १० ते २० मिमीच्या आसपास दिलेली असते, तुमच्या पुस्तकातला आकडा पाळा. हात लहान असेल तर त्या मर्यादेतली जास्तीची चाल घ्या. मग क्लचचा जोर बोटं मिटल्यावर लागतो आणि मिटलेल्या बोटांत ताकद जास्त असते. लिव्हरचं ब्रॅकेट सैल करून तिचा कोनही असा लावा की बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष येईल. लिव्हर वर असेल तर मनगट दिवसभर मोडलेलं राहतं. आणि सिग्नलला न्यूट्रल करा. नव्वद सेकंद पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहणं हाताला आणि क्लचला दोघांनाही जड जातं.

आता मुंग्यांबद्दल. त्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येत असतील, रात्री जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातल्या नसेवर दाब असू शकतो. हे अस्थिरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा, गाडी दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. आणि तोवर हडपसरहून बसने जा.