नास बंद पडला, विंडोज म्हणतं डिस्क फॉरमॅट करा. फोटो परत मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की लाईट जाऊन आल्यावर घरचा दोन डिस्कचा नास (घरच्या नेटवर्कवर फाइल साठवायचा बॉक्स) सुरूच झाला नाही, एक डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर विंडोजने फॉरमॅट करायला सांगितलं, आणि दुकानदार म्हणाला, डेटा गेला. दोन्ही डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या जोडीत, होत्या, आणि त्यात मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आहेत.

बहुधा गेलेले नाहीत. त्या खिडकीत तुम्ही 'कॅन्सल' दाबलं असेल तर अजून काहीही बिघडलेलं नाही. विंडोज फॉरमॅट मागतं कारण त्याला ती डिस्क वाचताच येत नाही. घरगुती नासच्या आत बहुतेक वेळा लिनक्स असतं, आणि डेटा ईएक्सटी४, बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस या लिनक्सच्या पद्धतीने ठेवलेला असतो. दुकानदाराने विंडोजवर पाहिलं असेल, तर त्याला रिकामी डिस्कच दिसणार. 'इनिशियलाइझ' असं विचारलं तरी नाहीच म्हणा.

आता दोन्ही डिस्क बाहेर काढा आणि मार्करने १, २ असे आकडे घाला, कोणत्या खणातली कोणती ते कळेल असे. मग डिस्क न लावता आधी अडॅप्टर तपासा. बरेच नास १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. अडॅप्टर अशक्त झाला की दिवे लागतात, पण डिस्कची मोटर फिरवण्याएवढा करंट मिळत नाही. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा, पिनची पोलॅरिटी जुळवून. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा अडॅप्टर सहज मिळतो.

तेवढ्याने भागलं नाही तर बॉक्सचा नाद सोडा आणि डिस्ककडे वळा. डिस्क फिरताना ठराविक लयीत टकटक आवाज येतो का, हे कान देऊन ऐका. येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. तशा डिस्कचं काम क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या प्रयोगशाळेचं. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत ओल धरते.

आवाज नेहमीसारखा असेल तर डेस्कटॉपला थेट साटा केबलने डिस्क लावा. ३.५ इंची डिस्क लॅपटॉपच्या नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही, तिला वेगळे १२ व्होल्ट लागतात. डॉक (डिस्क यूएसबीला जोडणारा स्टँड) वापरलात तर आणखी एक भानगड होऊ शकते: काही डॉक सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्यात लहान कप्प्याचा, आकार ५१२ बाइटऐवजी ४०९६ सांगतात, आणि मग पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भागच दिसत नाहीत. माणूस घाबरतो आणि नको ते करतो. विंडोजची डिस्क काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरून उबुंटू (फुकट मिळणारं लिनक्स) 'ट्राय' पर्यायाने सुरू करा, म्हणजे काहीच इन्स्टॉल होणार नाही.

इथून पुढचं मी माझ्या अनुभवावरून सांगतो. कोल्हापुरात पावसाळ्यात माझाही नास असाच गेला. त्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि आजी तेव्हा हयात नव्हती. अडॅप्टर बदलून उपयोग झाला नाही, बोर्डच गेला होता. उबुंटूमध्ये एमडीएडीएम हे रेड हाताळणारं साधन टाकलं, पहिली डिस्क लावली, फोल्डर उघडले, आणि ओव्यांचं फोल्डरच नाही. पायाखालची जमीन सरकली. मग दोन्ही डिस्कवर त्याच साधनाची 'एक्झामिन' ही आज्ञा, जी डिस्कवरची रेडची नोंद फक्त वाचून दाखवते, ती चालवली, तेव्हा उलगडा झाला. ती डिस्क काही महिन्यांपूर्वीच रेडमधून बाहेर पडली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तिच्यात जुना डेटा होता. ओव्या दुसरीत होत्या, सगळ्या.

म्हणून तुम्हीही आधी एक्झामिन चालवा. त्यात 'अपडेट टाइम' आणि 'इव्हेंट्स' अशा दोन ओळी दिसतील. इव्हेंट्सचा आकडा जिचा मोठा, ती ताजी डिस्क. रेड १ मध्ये प्रत्येक डिस्कवर पूर्ण प्रत असते, त्यामुळे ती एकटी पुरते. नासच्या डिस्कवर सुरुवातीला एक-दोन छोटी पार्टिशन त्याच्या स्वतःच्या प्रणालीसाठी असतात, तुम्हाला हवं ते सगळ्यात मोठं.

लगेच फोटो उघडायला जाऊ नका. तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या नव्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या नक्कल करणाऱ्या साधनाने आधी पूर्ण नक्कल करा, मॅप फाइल (कुठवर झालं त्याची नोंद) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवून, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. सेकंदाला १०० एमबी धरले तर ४ टीबीला साधारण ११ तास लागतात. स्रोत कोणता आणि नक्कल कुठे, ही नावं घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. उलटली तर कोरी डिस्क फोटोंवर लिहिली जाईल.

मग मूळ डिस्क बाजूला ठेवा आणि नकलेवर एमडीएडीएमने 'असेंबल' करा, म्हणजे रेड पुन्हा उभा करा, 'रीडओन्ली' आणि 'रन' हे पर्याय देऊन. त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी लिनक्सची सोय) असेल तर ते साधन टाकून व्हॉल्यूम सुरू करावा लागतो. माउंटही, म्हणजे फाइल दिसण्यासाठी तो उघडणंही, फक्त वाचण्यापुरतं करा. नेटवर कुठे 'क्रिएट' हा शब्द असलेली आज्ञा दिसली तर ती चालवू नका, ती रेडची माहिती नव्याने लिहिते. व्हॉल्यूमला तुम्ही एन्क्रिप्शन लावलं असेल तर पासवर्ड किंवा की फाइल शोधून ठेवा, त्याशिवाय काही उघडणार नाही.

फोटोरेक हे फाइल शोधून काढणारं साधन शेवटचा उपाय. ते फोटो शोधतं, पण नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटो लावत बसायला महिने लागतात.

कॉपी झाल्यावर वेगवेगळ्या वर्षांचे वीस-पंचवीस फोटो उघडून पाहा, अगदी शेवटच्या महिन्याचेही. तोवर मूळ डिस्क कुठल्याही नव्या बॉक्समध्ये घालू नका. एक्झामिनमध्ये जे दिसेल ते दोन्ही डिस्कचं इथे लिहा, मी बघून पुढची पायरी सांगतो.