प्रोस्टेटची फाईल मुलीनं वाचायची का?

खानापूरहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी. झाली, नीट दोनदा हुकली. आता बेळगावात मेडिकल कोडिंगचा, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी उपचारांना ठरलेले कोड लावायच्या कामाचा, क्लास लावते म्हणते. डेमोला प्रोस्टेटच्या (पुरुषांमधल्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) ऑपरेशनची फाईल दाखवली. ‘असलं मुलीनं रोज वाचायचं? त्यापेक्षा नीटला तिसऱ्यांदा बसवू का?’

साहेब, नीट निघून ती डॉक्टर झाली असती तर हेच पेशंट तपासले असते. ते तुम्हाला चाललं असतं, कारण दारावर पाटी लागली असती! म्हणजे अडचण प्रोस्टेटची नाहीच. दोन पानी पत्रात तिला काय हवंय याचं एक वाक्य नाही, मला तेच खटकलं. दोन वर्षं तिनं दिली. तिसरं द्यायचं की नाही हे तिनं ठरवावं. एम.एस्सी., बी.एड. या वाटा तुम्हाला ठाऊकच आहेत.

क्लासवाले कोड पाठ करून घेतात, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. इथे सावध व्हा. सीपीसी या कोडिंगच्या अमेरिकन प्रमाणपत्र परीक्षेत कोडची पुस्तकं समोर उघडी ठेवायला परवानगी असते. चार तास, 100 प्रश्न, पासिंग 70 टक्के. कस लागतो सर्जननं लिहिलेली नोंद वाचण्यात. मूत्रनलिकेत दुर्बीण घालून खडा लेसरनं फोडला आणि त्याच बाजूला डीजे स्टेंट (लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी) ठेवला, तर अमेरिकन बिलात 52356 हा एकच कोड. खडा फोडल्याचा 52353 आणि स्टेंटचा 52332 असे सुटे लावले की क्लेम अडकतो. वाढलेली प्रोस्टेट छोट्या इम्प्लांटनी बाजूला ओढून धरतात, त्या यूरोलिफ्टमध्ये मात्र पहिल्या इम्प्लांटला 52441 आणि पुढच्या प्रत्येकाला वेगळा 52442. किती बसवले, ते त्या इंग्रजी नोंदीतूनच काढावं लागतं. पाठांतर तिथे काय कामाचं?

हे कोड अमेरिकन विम्याचे. आपल्याकडच्या दवाखान्याच्या बिल काउंटरवर ते लागत नाहीत. नोकऱ्या बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, पुण्याच्या कंपन्यांत. ‘घरबसल्या काम’ नव्या पोरांना सहसा मिळत नाही, आणि अनुभव नसेल तर परीक्षा पास होऊनही नावापुढे ‘अप्रेंटिस’ (शिकाऊ) लागतं. पोरीला बाहेरगावी ठेवायची तयारी नसेल तर फी भरूच नका. ‘जॉब गॅरंटी’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नको.

तयारी असेल तर आधी क्लासकडून पेशंटचं नाव झाकलेली एक पूर्ण ऑपरेशन नोट मागा आणि मुलीला एकटीला वाचू द्या. शेजारी बसू नका. कंटाळली तर हा नाद सोडा. खोदून प्रश्न विचारायला लागली तर क्लास लावा.