गाडीचं विचारा : कॅमेरा फोनला सापडत का नाही?

या महिन्याच्या पत्रांत डॅशकॅमचीच, म्हणजे गाडीच्या काचेला लावून रस्ता नोंदवणाऱ्या कॅमेऱ्याचीच पत्रं जास्त आहेत, आणि त्यांतली बहुतेक वाय-फायपाशी अडलेली. म्हणून टायर-बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पहिलं उत्तर लांबलं आहे. ते नीट वाचलंत तर बाकीच्यांतलं निम्मं आपोआप सुटेल.

प्रश्न : मुलाने पुण्याहून डॅशकॅम पाठवला. इथे दुकानात बसवून घेतला. रेकॉर्डिंग होते, पण फोनवर काही दिसत नाही. वाय-फायच्या यादीत कॅमेऱ्याचे नाव येते, पासवर्ड टाकला की ‘जोडले’ असे येते, आणि ॲप उघडले की ‘डिव्हाइस सापडले नाही’. थोड्या वेळाने पाहावे तर फोन वाय-फाय सोडून परत डेटावर गेलेला. दुकानदार म्हणतो कॅमेराच खराब, परत पाठवा. मी निवृत्त शिक्षक आहे. सांगाल तसे क्रमाने करीन.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : काका, कॅमेरा परत पाठवू नका. नाव दिसतंय, पासवर्ड लागतोय, ‘जोडले’ येतंय, म्हणजे कॅमेऱ्याने त्याचं काम केलं. सोडून जातोय तो तुमचा फोन.

वाय-फाय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घरचं इंटरनेट येतं. डॅशकॅमचं वाय-फाय तसं नसतं. कॅमेरा स्वतःच एक छोटं नेटवर्क सोडतो आणि त्यावर तो आणि तुमचा फोन एवढेच दोघं असतात. लहानपणी काडेपेट्यांना दोरा बांधून आपण टेलिफोन करायचो, तसा हा दोघांपुरता दोरा. त्याच्या पलीकडे इंटरनेट नाहीच. आताचे अँड्रॉइड फोन मात्र कुठलंही वाय-फाय जोडलं की आधी तपासतात, इथून इंटरनेट मिळतं का? मिळालं नाही की हे नेटवर्क बिनकामाचं समजून डेटावर निघून जातात. मग ॲप कॅमेऱ्याला शोधतं ते डेटाच्या वाटेवर, आणि तिथे कॅमेरा सापडणार कसा?

आता क्रमाने सांगते. घरी, इंटरनेट चालू असताना, कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतलं ॲप घ्या आणि एकदा उघडून ठेवा. ते परवानग्या मागेल. फोन अँड्रॉइड १२ किंवा त्याआधीचा असेल तर लोकेशन मागेल, १३ किंवा पुढचा असेल तर ‘जवळची डिव्हाइसेस’ अशी वेगळी परवानगी मागेल. पुष्कळ जण लोकेशन म्हटलं की घाबरून ‘नाही’ दाबतात. जुन्या अँड्रॉइडमध्ये आसपासची वाय-फाय नावं पाहायची परवानगी लोकेशनखालीच ठेवलेली आहे. ती नाकारली तर ॲप आंधळं होतं. ‘हो’ म्हणा, आणि फोनचं लोकेशनही चालू ठेवा.

मग गाडीत बसा, गाडी चालू करा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा. ही एकच गोष्ट केलीत तरी बऱ्याच जणांचं काम होतं. व्हीपीएन वापरत असाल तर तेही बंद. कॅमेऱ्याचं वाय-फायचं बटण दाबून धरा. काही कॅमेऱ्यांत तेच बटण ‘ओके’चं किंवा माइकचं असतं, पुस्तिकेत चित्र असतं. पडद्यावर नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड येईल. आता फोनच्या सेटिंगमधून त्या नेटवर्कला जोडा आणि तिथेच थांबा, लगेच ॲपकडे धावू नका. काही क्षणांत वरच्या पट्टीत सूचना येते : या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का? ही सूचना चटकन निघून जाते आणि गडबड नेमकी इथेच होते. पट्टी खाली ओढा, सूचना उघडा, ‘पुन्हा विचारू नका’वर खूण करा आणि ‘हो’ म्हणा. त्यानंतर ॲप उघडा. समोरचा रस्ता फोनवर दिसायला लागेल.

तरीही फोन सोडत असेल तर वाय-फायच्या जादा सेटिंगमध्ये ‘आपोआप मोबाइल डेटावर जा’ अशा अर्थाचं काही असेल ते बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण काम एकच.

आणखी एक बघा. काकूंच्या फोनवर कधी हा कॅमेरा जोडला होता का? बरेच कॅमेरे एका वेळी एकच फोन घेतात. काकूंचा फोन पोर्चमधूनच जोडून बसला असेल तर तुम्ही गाडीत बसून कितीही खटपट केलीत तरी व्यर्थ. त्यांच्या फोनमधून ते नेटवर्क ‘विसरा’ करून टाका.

काम झालं की कॅमेऱ्याचं वाय-फाय बंद करा आणि रेकॉर्डिंगची लाल खूण पुन्हा लुकलुकायला लागली का ते डोळ्यांनी पाहा. कित्येक मॉडेलांत वाय-फायवर पाहत असताना रेकॉर्डिंग थांबतं. लोक क्लिप बघतात, वाय-फाय तसंच चालू ठेवून निघतात आणि घरापासून सीताबर्डीपर्यंतचं काहीच नोंदलं जात नाही.

प्रश्न : आयफोनवर ‘जोडले’ येते, ॲपमध्ये काळा पडदा. डेटा बंद करून पाहिला.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात ‘लोकल नेटवर्क’ आहे. तिथे तुमच्या ॲपसमोरची कळ चालू करा. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक ॲपला ही परवानगी वेगळी लागते. पहिल्या वेळी विचारतं तेव्हा ‘नाही’ दाबलं गेलं असणार.

प्रश्न : घरी पॉवर बँकेवर कॅमेरा लावून पाहिला की फोन लगेच जोडतो. गाडीत तोच कॅमेरा, तोच फोन, आणि जोडतच नाही. जोडला तर मिनिटभरात तुटतो. मी रोज हिंगण्याहून बुटीबोरीला कंपनीत जाते. फोन गाडीच्या स्क्रीनला आपोआप लागतो, गाणी आणि नकाशा त्यावरच चालतात. दोन मेकॅनिकना दाखवले, दोघेही म्हणाले वायरिंग बघावे लागेल.
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : ताई, वायरिंग उघडू देऊ नका. उत्तर तुमच्याच वाक्यात आहे : फोन गाडीच्या स्क्रीनला आपोआप लागतो. केबल न लावता लागतो ना?

फोनवरचं गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं बिनतारी अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले ब्लूटूथवर चालतं असं बहुतेकांना वाटतं. ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं. पुढे नकाशा, गाणी, पडद्यावरचं चित्र हे सगळं वाय-फायवरून जातं. म्हणजे तुम्ही दार लावून बसलात की तुमच्या फोनचं वाय-फाय गाडीच्या स्क्रीनने आधीच धरून ठेवलेलं असतं. त्यात तुम्ही त्याला डॅशकॅमकडे ओढता. फोन जातो, आणि स्क्रीन त्याला परत बोलावते. घरी स्क्रीनच नव्हती, म्हणून घरी सगळं सुरळीत.

क्लिप बघायची असेल तेवढा वेळ फोनचं ब्लूटूथ बंद करा, म्हणजे स्क्रीन त्याला शोधणार नाही. मग कॅमेऱ्याला जोडा. किंवा स्क्रीनला फोन केबलने लावायची सवय करा. केबलवर अँड्रॉइड ऑटो चाललं की वाय-फाय मोकळं राहतं. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, उन्हाळ्यात फोनही कमी तापतो.

प्रश्न : नागपूर-शिर्डी टॅक्सी मारून राहिलो. समृद्धीवर कारंज्याच्या पुढे एक ट्रक एकदम लेन सोडून आमच्या अंगावर आला. धडक नाही झाली, देवाची कृपा. शिर्डीत पोहोचल्यावर फोनवर क्लिप पाहिली तर त्या वेळेची क्लिपच नाही! समोरचा आणि मागचा असे दोन कॅमेरे आहेत, ३२ जीबीचं कार्ड आहे. कार्ड खराब आहे का?
— एक टॅक्सीचालक वाचक, कामठी रोड

उत्तर : दादा, आधी तुम्ही आणि सवारी सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं.

कार्ड खराब नाही, लहान आहे. फुल एचडी चित्र सेकंदाला १५ मेगाबिट या दराने लिहिलं जातं असं धरलं, तर मिनिटाला साधारण ११० एमबी होतात. ३२ जीबीत ते पावणेपाच तास मावतं. मागचा कॅमेरा तेवढंच लिहीत असेल तर निम्मं, म्हणजे अडीच तासांच्या आत. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनी क्लिप पुसून तिच्या जागी नवी लिहितो. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, आणि कारंज्यानंतर तुम्ही तीन तास तरी गाडी चालवली असेल. तुमची क्लिप वाटेतच पुसली गेली.

धडक झाली असती तर कॅमेऱ्यातल्या जी-सेन्सरला हादरा कळून ती क्लिप आपोआप कुलूपबंद झाली असती. नुसत्या हुलकावणीत हादरा बसत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यावर कुलपाचं किंवा उद्गारचिन्हाचं बटण असतं. असं काही घडलं की एकदा ते दाबायचं, बस. फोनला हात लावायचा नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा थांब्यावर गाडी लावून मग वाय-फाय चालू करा. तीन मिनिटांची क्लिप ३३० एमबीच्या आसपास असते. साध्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर सेकंदाला दोन-तीन एमबी मिळाले तर उतरायला दोन-तीन मिनिटं लागतात. चहा होईपर्यंत काम होतं. फक्त फोनचा पडदा बंद होऊ देऊ नका, बऱ्याच ॲपमध्ये डाउनलोड तिथेच तुटतं. कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्‌झ असेल तर ते निवडा, वेळ बराच कमी होईल.

कार्ड १२८ जीबीचं घ्या, पण तुमचा कॅमेरा तेवढं घेतो का ते आधी पुस्तिकेत बघा. पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच मागा. फोनसाठीचं साधं कार्ड सतत पुसण्या-लिहिण्याने लवकर मरतं, आणि टॅक्सीत तर ते दिवसभर चालतं. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

क्लिप पोलिसांना किंवा विमा कंपनीला द्यायची वेळ आलीच तर व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तो दाबला जातो आणि नंबर प्लेट पुसट होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. प्रकरण गंभीर असेल तर कार्डच काढून बाजूला ठेवा आणि कॅमेऱ्यात दुसरं घाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. ही किंमत फाइलमधूनच काढतात. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ती बदलते. म्हणून मूळ फाइल कापू नका, तिच्यावर काही लिहू नका. वकिलांना मूळ कार्ड दाखवा.

क्लिपच्या कोपऱ्यातली तारीख-वेळही तपासा. आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या कितीतरी कॅमेऱ्यांत जुनंच साल चालू असतं. पुष्कळशी ॲपं फोन जोडला की कॅमेऱ्याचं घड्याळ आपोआप लावतात; नाही लावलं तर सेटिंगमधून लावा.

प्रश्न : मे महिन्यात कॅमेऱ्याचे वाय-फाय दुपारी सुरूच होत नाही, संध्याकाळी होते. गाडी ऑफिसबाहेर उन्हात असते.
— एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : आपल्याकडे नवतपात बाहेरच पंचेचाळीस अंश असतात. काचा बंद असलेल्या गाडीत, काचेला चिकटलेल्या काळ्या कॅमेऱ्याचं काय होत असेल ते बघा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चालण्याची मर्यादा ६० ते ६५ अंश दिलेली असते, आणि उन्हातल्या डॅशबोर्डपाशी ती सहज ओलांडली जाते. वाय-फायची चिप चालू झाली की स्वतःही तापते, म्हणून कॅमेरा आधी तीच बंद ठेवतो. हा बिघाड नाही, तो स्वतःला वाचवतोय. एसी लावून दहा मिनिटं जाऊ द्या, मग वाय-फाय चालू करा.

मला खरी काळजी आत काय आहे याची वाटते. आत लिथियम बॅटरी असेल तर या उन्हात ती फुगते. मागचं झाकण फुगलेलं किंवा सांधा उघडलेला दिसला तर तो कॅमेरा आजच काढा, चार्जिंगला लावून बघू नका. विदर्भात राहणाऱ्याने बॅटरीऐवजी कॅपॅसिटर (थोडीशी वीज साठवणारा भाग) असलेला कॅमेराच घ्यावा हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. कॅपॅसिटर उष्णता पुष्कळ जास्त सोसतो. त्याच्यात साठा मात्र शेवटची फाइल बंद करण्यापुरताच असतो, त्यामुळे गाडी बंद केली की वाय-फायही लगेच जातं. तेव्हा क्लिप उतरवताना गाडी चालू ठेवा, किंवा कॅमेरा घरी आणून यूएसबी चार्जरवर लावा.

प्रश्न : डॅशकॅमवर क्लिप पाहिल्याने माझा डेटा संपतो का? आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये माझ्या कॅमेऱ्याचे नाव शेजाऱ्यांच्या फोनवरही दिसते. कोणी माझ्या क्लिप पाहू शकेल का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : डेटा अजिबात जात नाही, डेटा बंद असतानाच तर हे चालतं. क्लिप मात्र पाहू शकतील. बरेच कॅमेरे १२३४५६७८ याच पासवर्डसकट दुकानातून येतात आणि तो कोणी बदलत नाही. तुम्ही घरून किती वाजता निघता, मुलीला कुठल्या शाळेत सोडता, गाडीत काय बोलता, सगळं त्या कार्डात असतं. आज संध्याकाळीच ॲपच्या सेटिंगमधून पासवर्ड बदला. नेटवर्कच्या नावात गाडीचा नंबर किंवा फ्लॅट क्रमांक घालू नका. आणि कॅमेऱ्यात ‘वाय-फाय आपोआप बंद’ असा पर्याय असेल तर तो दोन-तीन मिनिटांवर ठेवा.