मर्सिडीजला २०१३ साली मिळालेली शिक्षा पुरेशी होती का?

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतील मर्सिडीज संघाने २०१३ साली टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीसाठी जी टायर-चाचणी केली, तिच्याबद्दलची शिक्षा 'फारच सौम्य' होती का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते संघाचा दोष पाहता ती योग्य होती, पण संघाला झालेला लाभ पाहता अपुरी होती.

स्पॅनिश ग्रां प्री ही शर्यत संपल्यावर, १५ ते १७ मे या तीन दिवसांत, मर्सिडीजने बार्सिलोनाच्या ट्रॅकवर सुमारे एक हजार किलोमीटर, म्हणजे तीन शर्यतींहून अधिक अंतर, गाडी चालवली. गाडी त्याच हंगामातली होती आणि चालक होते संघाचे मुख्य चालक हॅमिल्टन व रोझबर्ग. हंगाम चालू असताना अशा चाचणीला बंदी होती. प्रतिस्पर्धी फेरारी संघाने त्याच वर्षी केलेली चाचणी मात्र २०११ च्या गाडीने झाली असल्यामुळे नियमात बसली, म्हणून ते उदाहरण येथे लागू पडत नाही.

तथापि मर्सिडीजने एफआयए या मोटारशर्यतींच्या नियामक संस्थेच्या अधिकाऱ्यांकडे आधी विचारणा केली होती आणि तिला अनौपचारिक, सशर्त होकारही मिळाला होता. हे प्रकरण ऐकणाऱ्या एफआयएच्या न्यायाधिकरणाने अप्रामाणिक हेतू असल्याचे मानले नाही, आणि ते मला पटते; ज्या संस्थेने संदिग्ध उत्तर दिले तिनेच पुढे कठोर दंड मागावा, हे शोभणारे नव्हते. खटल्याच्या खर्चाचा एक वाटा एफआयएवरही टाकला गेला, तो उगाच नव्हे.

परंतु हेतू स्वच्छ असला म्हणून मिळालेली माहिती पुसली जात नाही. शिक्षा म्हणून मर्सिडीज आणि पिरेली या दोघांनाही ताकीद मिळाली आणि मर्सिडीजला जुलैतील नवोदित चालकांच्या चाचणीतून वगळण्यात आले. सुनावणीत संघाच्या वकिलांनी स्वतःच साधारण हाच पर्याय सुचवला होता, आणि आरोपीने निवडलेली शिक्षा जशीच्या तशी मान्य झाली की प्रतिस्पर्ध्यांना संशय येणारच. शिवाय मे महिन्यात गाडी चालवली मुख्य चालकांनी आणि संधी गेली नवोदितांची, हे मला अधिक खटकते.

पुढे एक अनपेक्षित वळण आले. सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत टायर फुटल्यामुळे ती जुलैची चाचणी नव्या टायरांसाठी मुख्य चालकांनाही खुली झाली, आणि मर्सिडीजचे नुकसान निकालाच्या दिवशी दिसत होते त्याहून मोठे ठरले. तरीही शिक्षेचे वजन असे योगायोगाने ठरू नये. हंगामाअखेर मर्सिडीज ३६० गुणांसह दुसरी आणि फेरारी ३५४ गुणांसह तिसरी आली. या सहा गुणांच्या फरकात बार्सिलोनाचा वाटा होता की नाही, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

म्हणूनच गुण कापणे मला अन्यायाचे वाटले असते. त्यापेक्षा पुढच्या काही शर्यतींच्या शुक्रवारच्या सरावातून, एक हजार किलोमीटरची भरपाई होईपर्यंत, त्याच दोन चालकांना बाहेर ठेवायला हवे होते.